ऐसपैस

के. आर. पुरममध्ये राहणाऱ्या माणसाला गाडीच्या वेगाबद्दल फारसं मत नसतं. शून्यापासून शंभरापर्यंत ती किती सेकंदांत पोचते, हा प्रश्न आमच्याकडे धूमकेतू पुन्हा कधी दिसणार या प्रश्नाशेजारी ठेवलेला असतो. उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण म्हणून कुणी गच्चीवर जाऊन बसत नाही. आमचा रोजचा वेग ठरतो टिन फॅक्टरीच्या चौकात. होसकोटेकडून येणारा जुना मद्रास रस्ता, सिल्क बोर्डाकडून येणारा रिंग रोड आणि हेब्बाळकडून येणारं त्याचंच दुसरं टोक, ही सगळी मंडळी तिथे एकाच मुहूर्तावर येऊन ठेपतात आणि मुहूर्त टळून गेला तरी तिथेच असतात. डोक्यावरून मेट्रो जाते. तिच्या खिडक्यांतली माणसं आमच्याकडे बघतात. पूर बघायला पुलावर जमलेल्या गर्दीची नजर असते तशी ती नजर असते, जरा कुतूहल, जरा हळहळ आणि आपण कोरडे असल्याचं समाधान. अशा जागी गाडी हे वाहन उरत नाही. ती एक खोली होते. त्यामुळे नवी गाडी घ्यायची म्हटलं की इथला शहाणा माणूस इंजिनाची चौकशी दोन वाक्यांत उरकतो आणि माझी आई कुठल्याही वाहनाबद्दल पहिल्यापासून विचारत आली आहे तोच प्रश्न विचारतो : बसायला कशी आहे?

टॉमटॉम नावाची एक डच कंपनी दर वर्षी जगभरातल्या शहरांच्या रस्त्यांची नाडी बघते. २०२४ च्या तिच्या हिशेबात बेंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागत होते आणि पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे कराड सोडून पुण्याला आणि पुणं सोडून इथे आलेल्या माझ्यासारख्याची प्रगती दहा किलोमीटरमागे ४८ सेकंदांची झाली. पुण्यातल्या धाकट्या भावाला हे फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "तुमचं काय दादा, तुमचं मोठं शहर." बोलताना तो स्वतः संचेतीच्या चौकात अडकलेला होता, हे मला मागून येणाऱ्या हॉर्नांवरून कळलं.

आमची सध्याची गाडी लहान आहे. पाच माणसांची म्हणून ती विकली गेली, पण पाचव्याने बेताने श्वास घ्यायचा असतो. तिची कंपनी सांगत नाही. घरातल्या माणसाच्या खोडी सांगताना आडनाव मधे आणू नये. नंबराची पाटी केए ५३, म्हणजे के. आर. पुरमच्याच आरटीओची, अस्सल इथली लेक. ड्रायव्हरच्या सीटमधला फोम इतक्या वर्षांत माझ्या अंगाच्या वळणाने दबला आहे, थोडा उजवीकडे कलता. एकदा मेव्हण्याने ती चालवली आणि उतरल्यावर म्हणाला, "भावजी, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटत होतं." मागच्या दोन्ही काचा हाताने फिरवायच्या आहेत आणि त्यांच्या दोन कड्यांपैकी एक कधीतरी हातात आली ती आलीच. उरलेली कडी आम्ही दोन्ही दारांना मिळून वापरतो. गरम व्हायला लागलं की मागे "कडी दे गं" असा आवाज होतो, कडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, खुंटीवर बसते, काच खाली येते आणि कडी पुन्हा मधल्या खाचेत, चिल्लर आणि बडीशेपेच्या पुड्यांसोबत जाऊन पडते. रेल्वेलाइनवरच्या हँगिंग ब्रिजचा चढ आला की एसी बंद करायचा, हा आमच्याकडचा कुळाचार आहे. तारांनी तोललेला तो मोठा पूल समोर दिसायला लागला, की कुणी न सांगता लेकीचा हात बटणाकडे जातो, इंजिन सुस्कारा सोडतं आणि आम्ही चौघं चढ संपेपर्यंत घामाने एकत्र बांधले जातो. पलीकडे उतार लागला की थंड वारा परत येतो. सुख म्हणजे काय हे त्या उतारावर जितकं नेमकं कळतं, तितकं दिवसभर एसीत बसणाऱ्याला कळत असेल असं वाटत नाही.

अशा या गाडीच्या शेजारी आम्ही मनातल्या मनात टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस उभी करून बघितली. हायब्रीड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच छताखाली नांदणारी. लांबी पावणेपाच मीटर. आधीच्या इनोव्हाचं अंग शिडीसारख्या चौकटीवर बसवलेलं असे आणि ताकद मागच्या चाकांना जाई. हिची चौकट आणि अंग एकच, ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे पायाखालची जमीन खाली आणि सपाट. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हे वाक्य बाकी सगळ्या पत्रकापेक्षा मोलाचं आहे. लिटरमागे २३.२४ किलोमीटर हा कंपनीचा आकडा मी आईला वाचून दाखवला तेव्हा तिने मान हलवली. पण "टोयोटा किर्लोस्कर" हे शब्द आले आणि तिने चष्मा वर केला.

"किर्लोस्कर म्हणजे 'स्त्री' मासिकवाले ना? मग गाडी चांगलीच असणार."

जपानी अभियांत्रिकीला इतकं निखळ प्रशस्तिपत्रक कुणी दिलं नसेल. आईच्या माहेरी 'स्त्री'चे अंक फडताळात रचून ठेवलेले असत आणि १९३० साली सुरू झालेल्या त्या मासिकामागची मंडळी खोटं काही करणार नाहीत, हे तिच्यासाठी तिथेच ठरून गेलं होतं. मला मात्र त्या नावावरून वेगळंच आठवत राहिलं. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून जे. जे. मधली चित्रकला सोडून यंत्रांकडे वळलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत आणि लोकांना त्या चालवायला शिकवत. ते दुकान १८८८ चं. गावाने तेव्हा पहिल्यांदा चामड्याच्या त्या चिमूटभर आसनावर स्वतःला तोलायचा प्रयत्न केला असेल आणि संध्याकाळी घरी जाऊन पाटावर बसताना जरा विचार केला असेल. मग नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी आली. कराडहून सांगलीकडे जाताना रेल्वेच्या खिडकीतून ते स्टेशन मी कितीदा पाहिलं आहे. १९९७ साली टोयोटाबरोबर कंपनी निघाली आणि बेंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर या कंपनीचे धुरीण. २०२२ च्या २५ नोव्हेंबरला हायक्रॉसचं अनावरण झालं आणि त्यानंतर चारच दिवसांनी ते गेले. सायकलच्या आसनापासून पाय ठेवायला बटणावर वर येणाऱ्या आसनापर्यंतचा एका घराण्याचा प्रवास त्या गाडीपाशी येऊन थांबला, असं मला उगीचच वाटतं. घराण्यांना असं वाटत नसावं. त्यांना पुढचं मॉडेल काढायचं असतं.

शोरूममधल्या तरुण मुलाने टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी घरापाशी आणली. होसकोटेच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर घेऊ, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, टिन फॅक्टरीला जाऊ. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू पोहण्याचा तलाव दाखवायला नेलेल्या माणसाने त्यातलं पाणी आधी काढायला सांगितलं आहे. पण आमची परीक्षा तिथेच व्हायची होती. मी चालवायला, तो शेजारी, मधल्या दोन स्वतंत्र खुर्च्यांवर आई आणि बायको, सगळ्यात मागे लेक. प्रत्येक खुर्चीला दोन हात, दोन खुर्च्यांमध्ये जायला वाट. मागे वळून बघितलं तर घरातल्या बायका संमेलनाच्या व्यासपीठावर बसल्यासारख्या दिसत होत्या, एकमेकींपासून मानाच्या अंतरावर.

चौकाच्या अलीकडे, जिथे रोज थांबतो तिथेच थांबलो. आणि गाडी एकदम गप्प झाली. कंप नाही, घरघर नाही, एसीचा गारवा मात्र तसाच.

"बंद पडली का रे?" आईने काळजीने विचारलं. आमच्या गाडीत शांततेचा अर्थ एकच असतो.

"इल्ला अम्मा," तो मुलगा हसून म्हणाला, "बॅटरी."

मग त्याने आपल्या परीने समजावलं आणि मी मराठीत आईला सांगितलं. गाडी उभी असली की इंजिन झोपतं, एसी बॅटरीवर चालतो. संथ सरकताना मोटर चाकं ओढते. बॅटरी उतरली तर इंजिन आपणहून उठतं, काम करतं आणि पुन्हा पडतं. ब्रेक लावला की एरवी जो जोर उष्णता होऊन वाया जातो, त्यातला काही या गाडीत वीज होऊन बॅटरीत परत जातो. आईने हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे अडलं की कमावते." माझ्या ऐकण्यातली हायब्रीडची ही सर्वांत छोटी व्याख्या. खरं तर इंजिनाने वीज करायची आणि मोटरने चाकं फिरवायची ही रीत आमच्या दाराशीच होती. के. आर. पुरमच्या लोको शेडमधली डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं तेच करत आमच्या पुलाखालून जात होती. फक्त त्यांनी कधी अडण्यातून कमाई केली नाही, कारण त्यांना कधी टिन फॅक्टरी लागली नाही.

सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तेव्हा त्या मुलाने बायकोला खुर्चीचं ते बटण दाखवलं आणि तिने ते आईच्या खुर्चीचं दाबलं. पाठ हलकेच मागे गेली. पिंढऱ्यांखालून गादीची एक पाळ वर यायला लागली आणि आईची पावलं जमिनीवरून उचलली गेली.

"अगं, थांबव, थांबव!"

आरशात मला दिसलं ते एवढंच : तिचे दोन्ही हात साडीच्या काठाकडे धावले, घोट्यांवर निऱ्या ओढून घेतल्या गेल्या, आणि पांढऱ्या मोज्यांतली पावलं, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, हवेत जोडीने उभी राहिली, पाहुण्याकडे प्रथमच आलेल्या मुलांसारखी. परक्या माणसासमोर पाय पसरून बसायचं नाही हे तिला लहानपणापासून शिकवलेलं, आणि इथे एक यंत्र अतिशय अदबीने तिला तेच करायला लावत होतं. तो मुलगा पटकन खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. म्हणून तो मला फार आवडला.

परतताना माझ्या मनात जुन्याची बाजू घेणारा वकील जागा झाला. या ऐसपैस खुर्च्यांत काहीतरी हरवतं आहे, असं तो म्हणू लागला. आम्ही बाकावर वाढलेली माणसं. १९४८ च्या १ जूनला अहमदनगर-पुणे रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि तेव्हापासून महाराष्ट्राला बाकावर बसायची सवय लागली. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, तिघांच्या बाकावर चौथ्याला करून दिलेली जागा. कराडहून मसूरला जाणारं वडाप तर जागा या कल्पनेलाच हसायचं. ड्रायव्हर स्वतः निम्मा दाराबाहेर बसे आणि तरी हात दाखवणाऱ्याला नाही म्हणत नसे. "जरा सरकून घ्या" म्हटलं की कुरकुर होई, पण बाकभर एक लाट जाई आणि तिच्या शेवटी वीतभर रिकामी फळी उगवे. बेंगळुरूच्या बसमध्येही फळांची टोपली घेतलेली बाई "स्वल्प अड्जस्ट माडी" म्हणते आणि तीच लाट जाते. कराडवरून जाणारा तेव्हाचा चार नंबरचा महामार्ग बेळगाव-हुबळी करत इथे येई आणि आमच्या आत्ताच्या घरावरून कोलारमार्गे मद्रासला जाई. मला वाटतं, ही सरकून घ्यायची रीत त्याच रस्त्याने खाली-वर करत राहिली असेल. आता खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात लावल्यावर सरकायचं कुठे? बाक आतून वाढतो; खुर्ची जेवढी आहे तेवढीच राहते.

हा सगळा युक्तिवाद मी संध्याकाळी चहाच्या वेळी जरा सुरात मांडला. मधल्या ओळीत खुर्च्यांऐवजी सलग बाक असलेलं आठ माणसांचं मॉडेलही मिळतं, हेही सांगितलं. फक्त त्यात पाय वर करणारं ते बटण नाही. बायकोने लेकीकडे बघितलं, लेकीने छताकडे. आई बशीत चहा ओतत होती.

"तू खिडकीत बसायचास," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही.

"एसटीत. तू खिडकीत, तुझा भाऊ माझ्या मांडीवर, पायांत पिशवी. आणि कुणी आलं की सगळ्या गाडीत सरकायचं कुणी? तर ज्या बाईच्या मांडीवर पोर आहे तिने. ती काही बोलत नाही ना. आयुष्य गेलं माझं सरकून सरकून." तिने बशी तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि जरा संकोचून, जणू जास्तीचं काही मागते आहे अशा सुरात, पुढे म्हणाली, "ते पाय वर करायचं बटण मात्र बरं होतं हो."

वकील खाली बसला. बाकांच्या आठवणी गोड असतात हे खरं, पण त्या लिहिणारे बहुतेक सगळे खिडकीत बसलेले असतात. लाट कुठून सुरू झाली हे खिडकीतल्याला दिसत नाही; त्याला दिसतात ती उसाची शेतं. आईने आयुष्यभर जी वीत वीत जागा दुसऱ्यांना दिली ती सगळी एकत्र मोजली, तर बिडदीच्या कारखान्यातून बाहेर पडणारी अख्खी गाडी तिच्यात मावेल. मग त्यातली एक खुर्ची, दोन्ही बाजूंनी हात असलेली, जिथून तिला कुणी सरकवू शकणार नाही अशी, तिला परत मिळाली तर मानवी नात्यांचं फार नुकसान होईल असं दिसत नाही.

तेव्हा बाकाचं मॉडेल मागे पडलं. बटणाच्या मॉडेलला मात्र काही महिने थांबावं लागेल, असं त्या मुलाने फोनवर अतिशय विनयाने सांगितलं, आणि किंमत सांगताना तर तो विनय आणखी वाढला. आम्ही हरकत घेतली नाही. अडण्यातून कमवायचं हे तत्त्व एव्हाना घरात रुजलं होतं. गाडी यायला जितका उशीर, तितकी पहिल्या भरण्याची रक्कम साठायला सवड. शिवाय २०२३ साली व्हाइटफील्डची मेट्रो आमच्यापर्यंत आली, पण इथून बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा दोनेक किलोमीटरचा तुकडा जोडला जायला मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली होती, आणि तेवढ्यासाठी बसमध्ये चढ-उतर करणाऱ्या के. आर. पुरमच्या लोकांना वाट पाहणं नव्याने शिकवायची गरज नाही.

दरम्यान आईने स्वतःपुरता बंदोबस्त केला आहे. जुन्या गाडीत ती आता पुढे बसते. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली, पाठ थोडी कललेली आणि पायाखाली कराडहून आणलेला छोटा शिसवी पाट, पितळी फुल्यांचा, एका बाजूने पुस्तकाने उंच केलेला. टिन फॅक्टरीला थांबलो की ती मोजे घातलेली पावलं त्यावर ठेवते, निऱ्या ओढून घेते आणि डोक्यावरून जाणाऱ्या मेट्रोकडे बरोबरीच्या नात्याने बघते. तिच्या मागे बसलेल्या लेकीचे गुडघे हनुवटीला लागतात. काच खाली करायची तर कडीही पुढून मागावी लागते. परवा हँगिंग ब्रिजचा चढ लागला, आईने सवयीने एसीचं बटण बंद केलं, आणि मागून आवाज आला, "आजी, जरा पुढे सरक ना गं."

"सरकते हं," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. पूल उतरेपर्यंत ती तसूभरही हलली नाही.